‘एनियासला टाका, पायसला स्वीकारा’ : या वाक्यामागचा पश्चात्ताप कशाचा?

जुनी वही : पंधराव्या शतकातील इटालियन मानवतावादी एनिया सिल्विओ पिक्कोलोमिनी याच्याविषयी सध्या वाचत आहे. १४४२ साली जर्मन राजा तिसरा फ्रेडरिक याने त्याला फ्रँकफुर्ट येथे राजकवीचा मान दिला, १४४४ साली त्याने दोन प्रेमिकांची लॅटिन कथा लिहिली आणि १४५८ च्या ऑगस्टमध्ये तोच गृहस्थ दुसरा पायस या नावाने पोप झाला. पुढे १४६३ साली त्याने ‘एनियासला टाका, पायसला स्वीकारा’ असे जाहीर केले (एनियास हे एनिया या नावाचेच लॅटिन रूप). रंगेल कवीला उतारवयात झालेली उपरती, असाच या वाक्याचा अर्थ बहुधा सांगितला जातो. परंतु ही उपरती खरी होती, की पदाबरोबर आलेली सोय होती?

शिलालेख : हे वाक्य ज्या आज्ञापत्रातील आहे, ते कोलोन विद्यापीठाला उद्देशून काढलेले होते, हे आधी ध्यानात घ्यावे. त्यातील मुख्य विषय प्रेमकथा नसून बाझल येथे भरलेली चर्चची धर्मपरिषद हा आहे. तरुण एनिया या परिषदेचा लेखणीबहाद्दर कैवारी होता. पोपपेक्षा परिषद श्रेष्ठ आहे असे त्याने हिरिरीने मांडले होते आणि परिषदेने निवडलेला प्रतिपोप, म्हणजे रोमच्या पोपविरुद्ध उभा केलेला पोप, पाचवा फेलिक्स याचा तो सचिवही झाला होता. १४४५ साली त्याने रोमच्या पोपशी, म्हणजे चौथ्या युजीनशी, समेट केला, आणि स्वतः पोप झाल्यावर तर १४६० मध्ये, पोपच्या निर्णयाविरुद्ध भावी परिषदेकडे दाद मागणाऱ्यास बहिष्कृत करण्याचे फर्मान काढले. साहजिकच विरोधक त्याचेच जुने लेख त्याच्यापुढे नाचवू लागले, आणि त्यांना उत्तर देणे भाग होते. त्या वाक्यात टाकून दिलेला एनियास हा मुख्यतः परिषदवादी एनियास आहे.

सोय होती का? होती. मात्र केवळ सोयच होती असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण पौरोहित्याची दीक्षा घेण्यास तो बरीच वर्षे कचरत होता आणि ब्रह्मचर्याचा संयम आपल्याला झेपणार नाही अशी भीती त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे व्यक्त केली होती. ढोंगी माणूस असली कबुली कागदावर ठेवत नाही.

टीपकागद : वरील विवेचनास एक पुस्ती जोडतो. लेखक एनियास मेला नव्हताच. पोपपदावर असतानाच त्याने ‘कॉमेंटारी’ हे आत्मचरित्र सीझरच्या थाटात तृतीयपुरुषी लिहिले. त्यातील १४५८ च्या पोपनिवडणुकीचे वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. मते देणारे असतात कार्डिनल, म्हणजे चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकारी. रूआंच्या फ्रेंच कार्डिनलचे समर्थक निवांत आणि गुप्त जागा म्हणून शौचकूपात जमून खलबते करतात. मतमोजणीत एनियाला ९ आणि त्या फ्रेंच कार्डिनलला ६ मते पडतात, आवश्यक असतात १२. मग सारे चिडीचूप बसतात, कोणीच बोलेना. अखेर तरुण रॉद्रिगो बोर्जा उठून सिएनाच्या कार्डिनलला, म्हणजे एनियाला, पाठिंबा जाहीर करतो. त्याच्यामागून आणखी एक मत पडते. बाराव्या मतासाठी प्रोस्पेरो कोलोन्ना उठतो, तेव्हा दोघे कार्डिनल त्याला धरून बाहेर ओढू पाहतात, पण तो ओढला जात असतानाच ओरडून आपले मत देतो. असा प्रसंग रंगवणाऱ्या माणसाने साहित्यसंन्यास घेतला होता असे कोण म्हणेल?

नावातही तोच खेळ आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनियास याचे ठरीव विशेषण ‘पायस’ म्हणजे धर्मनिष्ठ. नाव बदलले, पण काव्य सुटले नाही.

जुनी वही : आभारी आहे. मग अशा विद्वान पोपने साहित्यिकांना भरघोस आश्रय दिला असेल, असे समजावे का?

शिलालेख : तसे समजू नये. त्याच्या काही वर्षे आधी पोप असलेला पाचवा निकोलस हाही विद्वानच होता आणि ग्रीक ग्रंथांची भाषांतरे करवून घेण्यावर, हस्तलिखिते जमवण्यावर त्याने सढळ हाताने खर्च केला. पायसकडून तशाच अपेक्षा बाळगणाऱ्यांची निराशा झाली. त्याचा जुना गुरू फिलेल्फो तर पुढे त्याच्यावर तुटून पडला. पायसचा पैसा आणि जीव दोन गोष्टींत अडकला होता. एक, तुर्कांविरुद्धची मोहीम, आणि दुसरी, त्याचे जन्मगाव कोर्सिन्यानो. हे गाव त्याने बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून नव्याने बांधवून त्याला पायस या आपल्या नावावरून पिएन्झा हे नाव दिले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, तेव्हा पोपने वास्तुकाराला बोलावून घेतले. आणि खरा आकडा आधी सांगितला असता तर आपण हे काम हाती घेतलेच नसते, म्हणून खोटे बोललास ते बरेच केलेस, असे म्हणून त्याचा सत्कार केला.

टीपकागद : आणि ही हकीकतही ‘कॉमेंटारी’तीलच. १५८४ साली तो ग्रंथ प्रथम छापला गेला, तेव्हा निवडणुकीतील अडचणीचे तपशील गाळले होते आणि लेखक म्हणून नाव घातले होते गोबेलिनुस या नकलनविसाचे.