सत्तावीस म्हणायला जीभ झिजते का?

पाटीपेन्सिल
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने प्रवचन टाकलं. सार एवढंच: मराठी आकडे अवैज्ञानिक आहेत, २०१९ला बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा आपण खिल्ली उडवली, म्हणून आपली पोरं गणितात मागे. खाली चौदा अंगठे. मी तिथेच लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आपल्याला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. म्हणून इथे लिहितोय.

अवैज्ञानिक म्हणजे काय हो? जर्मन माणूस २७ला 'सात आणि वीस'च म्हणतो. डच पण तसंच. गणितज्ञ गाउस जन्मभर एकक आधी, दशक नंतर अशीच मोजणी करत होता. त्याचं काही अडलेलं ऐकिवात नाही.

आता पाढे घ्या. 'एकोणतीस त्रिक सत्याऐंशी' असं मोठ्याने म्हणा. मग 'वीस नऊ त्रिक ऐंशी सात' म्हणून बघा. दुसऱ्या वेळी घरातलं कुत्रंसुद्धा मान वर करून बघतं. पाढा हा ठेक्यावर पाठ होतो, ठेका गेला की उरते नुसती यादी.

आणि भाषेचं काय? यापुढे तीस सहाचा आकडा, पन्नास दोन कशी सोनं, ऐंशी चार लक्ष योनी. विधानसभेत त्यावेळच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचं 'फडण दोन शून्य' झालं होतं ते उगाच नाही.

सातपुड्याचा मास्तर
पाटीपेन्सिल, लेख झकास. टाळ्या. आता एकदा धडगावला या.

बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. वर्गातली बहुतेक मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. 'त्रेपन्न लिहा' म्हटलं की अर्ध्या पाट्यांवर ३५. 'पंच्याहत्तर' म्हटलं की ५७. चूक त्यांची नाही, कानाला 'पंच' आधी येतं म्हणून हात ५ आधी काढतो. आणि 'एकोण' तर विचारूच नका. 'एकोणपन्नास' ऐकलं की त्यातला पन्नास तेवढा कानात राहतो आणि पाटीवर येतात ५९. पोर बरोबर ऐकतं, बरोबर विचार करतं आणि चुकतं. मग त्याला वाटतं आपल्याला गणित येत नाही.

दुसरं, जे कुणीच वाचलं नव्हतं: पुस्तकात दोन्ही रूपं दिली होती. जुने शब्द कुणी हद्दपार केले नव्हते. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या, गणितात आयुष्य घालवलेली बाई. जोडाक्षरांमुळे मुलं बिचकतात, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. पुस्तक उघडून न बघता लोकांनी त्यांना मराठीची मारेकरी ठरवलं.

निवृत्त कॅशियर
मास्तर, तुमचा अनुभव मान्य. पण दोष शब्दांचा नाही, पाठांतर सुटल्याचा आहे. मी ३४ वर्षं कॅश काउंटरला काढली. पैसे काढायच्या स्लिपवर 'अक्षरी रुपये' ही ओळ असते ना, तिथे माणसाची खरी परीक्षा. आकड्यात ८७, अक्षरात अठ्ठ्याहत्तर. मग त्याला परत पाठवा, तो चिडतो, मागची रांग चिडते.

आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत होती. चौथी पास. किराणा दुकानात आता पाचशेतून तीनशे सत्त्याऐंशी वजा करायला पोरगा मोबाइल काढतो. औटकी म्हटलं तर विचारतो, कोण आऊट?

मिरचीचा ठेचा
काका, आदर ठेवून विचारतो. साडेतीनचा पाढा पाठ असून तुमच्या वडिलांना नेमका उपयोग काय झाला?

निवृत्त कॅशियर
साडेतीन रुपये किलोचे सात किलो कांदे. किती झाले? साडेचोवीस. तुम्ही अजून खिशात हात घालताय.

मिरचीचा ठेचा
साडेतीन रुपयांनी कांदे कोण देतो आता?

वखारवाला निफाड
आम्ही देतो. त्याहून कमीनेही दिलाय. ट्रॅक्टरचं भाडं खिशातून भरलंय. पण तो विषय काढला तर हा धागा संपायचा नाही.

आकड्यांवर बोलतो. लिलावात कधी उभे राहिलात का? ट्रॉलीवर चढून व्यापारी कांदा हातात घेतात, चोळतात, आणि भाव सुटतो: अकराशे एक्कावन, बावन्न, पंचावन्न, साठ, एकसष्ट. एका ट्रॉलीला मिनिटभर मिळालं तर नशीब. तिथे 'पन्नास एक, पन्नास दोन' करत बसलात तर पुढच्या ट्रॉलीची रांग हायवेला जाईल. बावन्न हा शब्द एका फटक्यात बसतो.

आता माझीच गंमत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या अठरा क्विंटलला तेराशे एकोणसत्तर पुकारले. मी कानांनी ऐकलं. पावती आली तेराशे एकोणसाठची. लिहिणारा म्हणाला, मला साठच ऐकू आलं. क्विंटलमागे दहा रुपये, एकूण एकशे ऐंशी. भांडलो, चहा मिळाला, पैसे नाही. तरी मी 'साठ नऊ' म्हणणार नाही. मेलो तरी नाही.

सातपुड्याचा मास्तर
भाऊ, तुमचे १८० रुपये गेले ते 'एकोण'मुळेच गेले. माझ्या वर्गात रोज तेच होतं, फक्त पावती मिळत नाही.

वखारवाला निफाड
ते लिहिणाऱ्याच्या कानामुळे गेले. किंवा हातामुळे. जास्त बोलायला लावू नका.

बेळगावी कुंदा
आमच्याकडे बाजारात इप्पत्तेळु, घरी सत्तावीस. कानडीत दशक आधी, मराठीत एकक आधी. दोन्ही येतं, कुणी आजारी पडलेलं नाही. चालू द्या.

फियॉर्डकाठी
अकरा वर्षं नॉर्वेत, बर्गनला. हा वाद इथे होऊन गेलाय म्हणून दोन पैसे माझेही.

नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'एक आणि वीस' म्हणायचे. फोनवर नंबर सांगताना गोंधळ व्हायचा म्हणून संसदेत निर्णय झाला, आणि १९५१पासून शाळेत, रेडिओवर, सरकारी कामात 'वीस एक'. म्हणजे मास्तरांची पद्धत सरकारी हुकमाने लागू झालेला देश आहे. आता पुढचं ऐका. माझी शेजारीण, ऐंशीच्या पुढची, अजून बिनदिक्कत 'सात आणि वीस' म्हणते. तिचा मुलगा बँकेत एक म्हणतो आणि आईशी दुसरं. सत्तर वर्षं उलटली तरी दोन्ही जिवंत आहेत. कुणाचीही भाषा बुडाली नाही, आणि जुनी सवय पुरती गेलीही नाही. ज्याला जे घ्यायचं ते घ्या.

डेन्मार्कचं तर आणखी भारी. तिथे ५०ला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ अडीच वेळा वीस, आणि ९०चा साडेचार वेळा वीस.

निवृत्त कॅशियर
म्हणजे अडीचकी! आणि आमच्या वडिलांची चेष्टा चालली आहे इथे.

मिरचीचा ठेचा
काका, चेष्टा वडिलांची नाही, औटकीची केली.

निवृत्त कॅशियर
औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' तुम्हीही म्हणत असाल. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे राज्य किती मिनिटांचं? चोवीस औट चौऱ्याऐंशी. हिशेब येत नसेल तर म्हण वापरू नये.

पाटीपेन्सिल
हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद काका.

माझी आजी कोंबडीची अंडी विसांनी मोजायची. पाच विसा म्हणजे शंभर. चार विसा आणि सात असं तिने म्हटलं की आम्ही हसायचो. आता कळतंय, बाई डॅनिश होती.

मिरचीचा ठेचा
झालं आजी-आजोबांचं कौतुक? मग एक प्रश्न विचारतो आणि पाटीपेन्सिल, उत्तर सरळ द्या. तुमचा मुलगा कुठल्या माध्यमात आहे?

पाटीपेन्सिल
संबंध काय?

मिरचीचा ठेचा
उत्तर मिळालं. इथे पाढ्याच्या ठेक्यावर गळे काढणाऱ्यांची पोरं 'ट्वेंटी सेव्हन' म्हणतात. म्हणजे दशक आधी, एकक नंतर. तीच ती 'अमराठी' पद्धत, फक्त इंग्रजीत आली की शोभते. धडगावच्या पोराने 'वीस सात' म्हटलं की लगेच संस्कृती धोक्यात. आणि तुम्ही स्वतः फोन नंबर कुठल्या भाषेत सांगता? 'नाइन एट डबल टू'. मराठी माणसाने मराठी माणसाला. रिक्षावाल्याला भाडं विचारा, 'एटी फाइव्ह' म्हणतो. शब्द तुम्ही मारलेत, खापर पाठ्यपुस्तकावर.

पाटीपेन्सिल
सेमी इंग्रजीत आहे. हो, गणित इंग्रजीतून. घराजवळ दुसरी बरी शाळा नव्हती. हे सांगायला मला लाज वाटत नाही, पण तुमचा सूर असा आहे की जणू मी कुणाचा खून केलाय. व्यक्तिगत न होता बोलता येत नसेल तर बोलू नका.

मिरचीचा ठेचा
व्यक्तिगत कसं? मोबाइलच्या कीबोर्डवरून संस्कृतिरक्षण चाललंय म्हणून विचारलं. मी स्वतः मराठी माध्यमाचा. मला सातवीपर्यंत ६९ आणि ७९ मध्ये घाम फुटायचा. बाईंनी फळ्यापाशी उभं करून एकोणऐंशी लिहायला लावलं, मी ८९ लिहिलं, वर्ग हसला. त्यानंतर गणिताच्या तासाला पोटात दुखायचं. आईने ओवा दिला, कुणी आकड्यांबद्दल विचारलं नाही. ठेका म्हणे.

फियॉर्डकाठी
हे वाचून वाईट वाटलं. जर्मन मुलंही आकडे असेच उलटे लिहितात, आणि तिथे 'वीस एक' रूढ व्हावं म्हणून काम करणारी संस्थाच आहे. म्हणजे गाउसच्या देशातही सगळे खूश नाहीत, पाटीपेन्सिल.

पाटीपेन्सिल
ठीक. गाउस मागे घेतो. बाकी काही नाही.

सातपुड्याचा मास्तर
मग मीही एक मागे घेतो. पाढ्यांच्या बाबतीत तुमचं खरं आहे. 'वीस नऊ त्रिक' मी वर्गात कधी म्हणून घेतलं नाही. एकदा प्रयत्न केला, पोरंच हसायला लागली. माझी रीत अशी: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायचे, दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवायच्या, पोराने बोट ठेवून 'वीस सात' म्हणायचं. दोन-तीन महिने तेच. संख्या डोळ्यात बसली की मग सांगायचं, याला बाजारात सत्तावीस म्हणतात. तोवर त्याला कळलेलं असतं की सात सुटे आणि दोन गठ्ठे, कुठूनही वाचा. पुस्तकाचा उद्देश मला तरी एवढाच वाटला होता. सरसकट सगळ्यांनी आयुष्यभर 'वीस सात' म्हणावं असं माझंही म्हणणं नाही.

वखारवाला निफाड
मग एवढा वेळ भांडत कशाला होतो?

मिरचीचा ठेचा
पाऊस आहे, लिलाव बंद असतील तुमचे.

पाटीपेन्सिल
आत्ताच घडलेलं सांगतो. दूधवाल्याचे पैसे द्यायचे होते. मुलाला म्हटलं, पाकिटातून एकोणऐंशी रुपये काढ. तो म्हणाला, 'बाबा, एटी नाइन ना?' नव्वद घेऊन आला. हे सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला कळता कामा नये.

निवृत्त कॅशियर
त्याला एकोणतीसचा पाढा रोज संध्याकाळी म्हणायला लावा. आणि जाता जाता, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये 'सत्याऐंशी' लिहिलंय. 'सत्त्याऐंशी' हवं, त ला त. माझ्या काउंटरवर ती स्लिप परत गेली असती.

सातपुड्याचा मास्तर
काका, वर जोडाक्षरांबद्दल लिहिलं होतं ते वाचलंत ना?