सोसायटी ग्रुप: लिफ्टसमोरची फरशी

३०१ वहिनी: लिफ्टसमोर सगळ्यांनी जपून या. आत्ताच ३०३ च्या काकू घसरल्या. मनगटावर भार आलाय, सूज आहे. एक्स-रेला घेऊन निघालोय.

सेक्रेटरी: गाडी काढू का? मी खालीच आहे.

३०१ वहिनी: रिक्षा मिळाली. काकू बोलताहेत, चालताहेत. डोक्याला काही नाही.

१०२ मामा: कितीदा सांगितलं ह्या ग्रुपवर. साडेआठला पोरं शाळेला, माणसं ड्युटीला, आणि नेमकी तेव्हाच मावशी पुसायला येते. पुसते म्हणजे काय, पाणी पसरून जाते. बदला तिला.

४०१ सर: निदान पिवळा बोर्ड तरी ठेवायला हवा. आमच्या बँकेत पुसताना उभा करतातच.

१०२ मामा: बोर्ड कुठल्या भाषेत करणार सर? आधीच गाळ्यांच्या पाट्यांवरून काय कमी झालंय?

३०१ वहिनी: मामा, त्यावर पडणाऱ्या माणसाचं चित्र असतंय. ते बेळगावात सगळ्यांना वाचता येतंय.

२०४ दादा: मावशीला बदलून काही होणार नाही. नवीन येईल ती पण तसंच पुसणार. मी उद्यमबागेत मशिन शॉपचं मेंटेनन्स बघतो. तिथं लेथखाली कूलंट, ऑइल, सगळं सांडतंय. कोणी घसरलं की आम्ही आधी ती जागा हातानं चोळून बघतो. आत्ता खाली जाऊन लिफ्टसमोर ओला हात फिरवला. बुळबुळीत लागलं. मग हात नळाखाली धरला तर फेस आला.

सेक्रेटरी: फेस? म्हणजे साबण?

२०४ दादा: होय. फ्लोअर क्लीनरच्या बाटलीवर बादलीला झाकणभर असं लिहिलंय. मावशी पाव बाटली ओतते. का ओतते, तर वास आला नाही तर आपणच म्हणतो की पुसलंच नाही. जास्तीचा साबण वाळून फरशीवर बसतो, दिसत नाही. मग छत्र्या आणि चपलांचं पाणी पडलं की तो परत सुटतो. पाऊस पडूलालाय तोवर हे रोज होणार. ज्या दिवशी जास्त चकाचक दिसेल त्या दिवशी जास्त घसरेल.

१०२ मामा: मग काय, पुसायचंच नाही?

२०४ दादा: पुसायचं. दोन बादल्या. एकीत झाकणभर औषध, दुसरीत नुसतं पाणी. औषधानं पुसलं की साध्या पाण्यानं परत एकदा, मग वायपरनं ओढून कोरडं.

४०१ सर: पाणी येतं किती दिवसांनी ते माहीत आहे ना? दुसरी बादली कुठून आणायची?

२०४ दादा: सर, पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाखाली पिंप लावा. फरशीला ते चालतंय. ह्या गावात पाऊस कमी पडतो असं तर कोणी म्हणणार नाही.

गाळा नं. ३: नमस्कार. लॉबीतला वास आणि तेल आमच्या दुकानाचं असं कोणी म्हणायच्या आधी सांगतो, आमची भट्टी मागच्या बाजूला आहे.

२०४ दादा: तुमचं नाव अजून कोणी घेतलं नव्हतं हो. खरं आता काढलंच आहे तर, तुमचा पोरगा भट्टीसमोर उभा राहतो आणि त्याच चपलांनी लॉबीतून मीटर रूमकडे जातो. मागच्या दारापासून तेलकट पावलं दिसतात, टॉर्च आडवा धरून बघा. तेलावर साधा ओला पोछा मारला की तेल निघत नाही, लांबवर पसरतं.

गाळा नं. ३: मग आम्ही काय करायचं? भजी तळायचं बंद करू?

२०४ दादा: भजी बंद केली तर आधी मीच तक्रार करणार. ताजं तेल सांडलं की त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, शोषला की झाडून काढायचा. आम्ही शॉपमध्ये तेच करतो. भुसा तिथंच पडून राहिला तर मात्र तोही सरकतो, लगेच उचलायचा. रात्री दुकान बंद करताना गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातात ग्लोव्हज घालून. फरशीवर ओतून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग ताठ ब्रशनं घासायचं. लोक ओततात आणि लगेच पुसतात, तेल तिथंच राहतं. त्याला सुटायला वेळ द्यावा लागतो. शेवटी साधं पाणी. आणि भट्टीजवळच्या चपला भट्टीजवळच राहू देत, बाहेर यायला वेगळा जोड.

गाळा नं. ३: चपलांचं पटलं. सोड्याचं बघतो. आमच्याकडे कामाला दोनच पोरं आहेत.

२०४ दादा: ती दोन पोरंच दिवसभर त्या फरशीवर उकळत्या तेलाशेजारी उभी आहेत. लॉबीत कोणी घसरलं तर हात मोडेल, तिथं घसरलं तर हात कुठं जाईल? कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात कलम ३२ मध्ये हेच लिहून ठेवलं होतं, की फरशी, जिने, ये-जा करायच्या वाटा धड असाव्यात आणि पाय घसरेल असं तिथं काही पडलेलं नसावं. तुमचं दुकान कारखाना नाही, मान्य. पोरांची हाडं मात्र तीच.

१०२ मामा: एवढं कशाला? एकदा ॲसिड मारा. फरशी खरखरीत होईल, विषय संपला.

२०४ दादा: मामा, नको. ग्रॅनाइटला त्यानं खरखरीतपणा येत नाही. सांध्यातलं सिमेंट जाईल आणि लिफ्टच्या उंबऱ्याची पट्टी काळी पडेल. त्यात मागच्या जिन्याच्या शेवाळावर मावशी ब्लीचिंग पावडर टाकते. ती आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. बंद जिन्यात जीव घुसमटेल तिचा. शेवाळाला एकटी ब्लीचिंग पुरते, थोडा वेळ ठेवून घासायची.

४०१ सर: मूळ दुखणं ग्रॅनाइटचं नाही का? आधी शहाबादी होती तेव्हा कोणी पडलेलं आठवत नाही.

२०४ दादा: हे अगदी बरोबर, सर. पॉलिश ग्रॅनाइट कोरडं असताना ठीक आहे. ओलं झालं की तळव्याखालच्या पाण्याला निघायला जागा नसते, पाय पाण्याच्या पडद्यावर जातो. टाच टेकताना माणूस पुढं सरकतो तो त्यामुळं. शहाबादीला अंगचा खडबडीतपणा असतो. तिच्यावर शेवाळ धरलं तर ती पण पाडते, ती गोष्ट वेगळी.
टाइल्स घेताना खोक्यावर कधी आर ९, आर १० असं लिहिलेलं बघितलंय का? त्याची चाचणी मजेशीर आहे. फरशी उतरत्या फळीवर बसवून तिच्यावर तेल ओततात, वरून दोरीनं बांधलेला माणूस बूट घालून चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. सहा ते दहा अंशांत घसरला तर आर ९, दहा ते एकोणीस म्हणजे आर १०. असं आर १३ पर्यंत, तिथं पस्तीस अंशांच्याही वर. आपण लॉबीची फरशी निवडताना फक्त दिव्याचा उजेड कसा पडतो ते बघितलं.

सेक्रेटरी: उखडायची नाही हं. त्या खर्चाची वर्गणी अजून चार फ्लॅटकडून यायची आहे.

२०४ दादा: उखडायची गरज नाही. बाहेरच्या तीन पायऱ्या आणि लिफ्टसमोरचा पट्टा, एवढ्यालाच जात्याला टाकी लावतात तशी टाकी मारून घ्यायची. पाथरवट मिळतात. पॉलिश जाईल, शोभा थोडी कमी होईल. नाहीतर वाळूच्या कागदासारखी चिकटपट्टी मिळते ती पायरीच्या कडेला. ती मात्र कडा सुटल्या की लगेच बदलायची, नाहीतर पाय तिच्यातच अडकेल.

१०२ मामा: तोवर दारात पोतं टाकतो. घरात दोन आहेत.

२०४ दादा: गोणपाट ग्रॅनाइटवर स्वतःच सरकतं मामा, माणसासकट. खाली रबर असलेली लांब मॅट पाहिजे. सात-आठ पावलं तिच्यावर पडली तर चपलेचं पाणी बऱ्यापैकी उतरतं. दाराशी आपण चौकोनी पायपुसणं टाकतो त्यावर एकच पाय पडतो, दुसरा ओलाच आत येतो. आणि दोन मॅट घ्याव्या लागतील. आपल्याकडे आषाढात रुमाल वाळत नाही, मॅट काय वाळणार.

३०१ वहिनी: काकूंचा एक्स-रे झाला. मनगटाला बारीक चीर आहे, प्लास्टर घालताहेत. काकू म्हणताहेत मावशीला कोणी काही बोलू नका. मी मघाशी मावशीशी बोलले. तिला साडेनऊला पुढच्या बिल्डिंगमध्ये हजर व्हायचं असतं म्हणून ती साडेआठला आपल्याकडे करते. अकराला आली तर चालेल का म्हणून विचारलं, तर म्हणाली, एक फेरी वाढते, बसचे पैसे कोण देणार.

सेक्रेटरी: बसचे सोसायटी देईल. अकराला सगळे बाहेर गेलेले असतात, पोरं दीडनंतर येतात. तेवढ्यात वाळतं?

२०४ दादा: वायपर मारला आणि दार उघडं ठेवलं तर वाळतं. एका वेळी अर्धीच लॉबी पुसायची, दुसरी अर्धी कोरडी. म्हणजे कोणी आलंच तर वाट राहते. बोर्डही ठेवा, खरं वाळल्यावर उचला. दिवसभर तिथंच उभा असला की तिसऱ्या दिवशी कोणी त्याच्याकडे बघत नाही.

४०१ सर: मॅटचा खर्च कशात घालायचा? दुकानाची गिऱ्हाइकं पण ह्याच दारानं टॉयलेटकडे जातात. गाळ्यांनी अर्धा द्यावा असं माझं मत.

गाळा नं. ३: अर्धा म्हणजे तिन्ही गाळे मिळून ना? आमचा हिस्सा देतो. मॅटवर दुकानाचं नाव छापून घेतलं तर चालेल का?

सेक्रेटरी: नाही.

१०२ मामा: गाळा नं. १ मॅटला पैसे देईल हे विसरा. त्यानं दिव्याचे पण दिले नाहीत.

सेक्रेटरी: त्याच्याशी मी बोलतो. शनिवारी खडेबाजारात कोण येतंय?

२०४ दादा: मी येतो. आधी दारापासून लिफ्टपर्यंत कोणीतरी टेपनं मोजून इथं टाका. अंदाजानं आणलेली मॅट दाराखाली अडकते.