‘कमी शिकलेल्या पुरुषांना कामच नको’ म्हणे! आधी छेद तरी बघा

अंशछेद
कालच्या एका धाग्यात ठोकून दिलंय: ‘मूलभूत शिक्षणावर थांबलेल्या पुरुषांचा श्रमबल सहभाग दर पदवीधरांपेक्षा बराच कमी, शिवाय घसरतोय. यांना कामच नको.’ उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

हा दर म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचा (म्हणजे श्रमबलाचा) वाटा. त्याचा छेद म्हणजे त्या शिक्षणपातळीचे १५ आणि त्याहून जास्त वयाचे सगळे पुरुष. पातळी धरायची ती पूर्ण झालेली. मूलभूत म्हणजे आयस्केड २०११ (शिक्षणपातळ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) च्या पातळ्या १ आणि २, प्राथमिक आणि निम्न माध्यमिक. सोळा वर्षांचा मुलगा पातळी ३ च्या वर्गात बसलाय, पण त्याची पूर्ण झालेली पातळी २ च. म्हणजे तक्त्यात तो ‘कामाबाहेरचा कमी शिकलेला पुरुष’. दुसऱ्या टोकाला म्हातारे, ज्यांच्या पिढीत शाळाच तिथे संपायची. पदवीधरांत सोळा वर्षांचं कोण सापडणार?

कल्पित आकडे घ्या. मूलभूत शिक्षणावर थांबलेले १००० पुरुष: १५–२४ चे २००, पैकी श्रमबलात ७०, २५–५४ चे ५००, पैकी ४६०, ५५ आणि त्यावरचे ३००, पैकी १२०. एकूण दर ६५ टक्के, मधल्या गटाचा ९२. पुढे शिक्षण वाढलं, मधल्या गटात अशा पुरुषांची संख्या ३०० वर आली. प्रत्येक वयोगटाचा दर जसाच्या तसा ठेवा आणि एकूण काढा: ८०० पैकी ४६६, म्हणजे ५८ टक्के. एकाही माणसाने काम न सोडता सात टक्क्यांची ‘घसरण’!

तराजू
तो धागा माझाच. वयाची ढाल जुनी झाली हो. २५–५४ घ्या, तरी कित्येक देशांत फरक उरतोच. अंगमेहनतीच्या कामात शरीर लवकर थकतं, अपंगत्व येतं, माणूस शोध सोडतो. हे छेदाने झाकणार का? आणि वय कापलंत की सतराव्या वर्षी खरंच कामाला लागलेलाही बाहेर फेकला जातो. त्याचं काय?

अंशछेद
वय नका कापू, सध्या शिकणारे वगळा. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत तो रकाना असतो. फक्त तयार तक्त्यात मिळत नाही, मूळ नोंदींवर बसावं लागतं. तेवढे कष्ट घेतले असते तर हा धागा निघालाच नसता.

नांगरट
तुमचं वय राहू द्या. खरी गोम २०१३ ची आहे. कामगार सांख्यिकीच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं, मुख्यतः घरी खाण्यापुरतं पिकवणारा रोजगारात नाही. १९८२ च्या व्याख्येत तो होता. तोच माणूस, तेच शेत, पण सर्वेक्षणाने व्याख्या बदलली की तो श्रमबलाबाहेर. असे लोक कुठल्या शिक्षणपातळीत जास्त, हे वेगळं सांगायला हवं?

तराजू
अर्धवट. मजुरी किंवा धंदा शोधत असेल आणि लगेच करायला मोकळा असेल, तर तो बेरोजगार ठरतो, म्हणजे श्रमबलातच. शिवाय २०१३ ने त्याचं काम पुसलेलं नाही, स्वतःसाठीचं उत्पादन म्हणून वेगळं मोजायला सांगितलंय. आयलोस्टॅटवर (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आकडेसाठा) दोन्ही व्याख्यांच्या मालिका वेगवेगळ्या आहेत. त्यांची खिचडी करणाऱ्यांचा राग व्याख्येवर काढू नका.

नांगरट
कागदावर सगळं छान असतं! प्रश्न काय विचारतात? ‘माल मुख्यतः विकायचा की घरी ठेवायचा?’ पीक उभं असताना तो काय सांगणार? कोठारात किती येईल, भाव काय मिळेल, काहीच माहीत नाही. निम्मं निम्मं असेल तर त्याच्या एका शब्दावर तो आत किंवा बाहेर. शहाणा सर्वेक्षक आधी पिकाचं नाव विचारतो, मग मागच्या हंगामात किती विकलं ते, आणि शेवटी ‘मुख्यतः’. क्रम उलटा केला की लोक पहिला पर्याय उचलून मोकळे होतात.

दारावरची_नोंद
शेतावरून भांडताय, आणि उत्तर देतंय कोण? दारात जो भेटेल तो. आठवड्यात एक तास मोबदल्याचं काम केलं तरी माणूस रोजगारात. हा नियम आईला किंवा भावाला माहीत नसतो. ‘तो? घरीच असतो,’ संपलं. ठरावीक पगारवाल्याची नोकरी घरात सगळ्यांना ठाऊक असते; तीन तास ओझी उचलून आलेल्याची कमाई कुणाला ठाऊक? चूक कमी शिकलेल्यांच्या बाजूलाच जास्त साचते.

तराजू
हे मान्य. (अंशछेद, उड्या मारू नका, मान्य यांचं केलंय.)

अंशछेद
उपकार झाले.

तराजू
बरं, तुमच्या अटींवर खेळू. २५–५४, शिकणारे वगळून, एकच व्याख्या, स्वतः उत्तर दिलेलेच. त्यानंतर उरेल तो फरक माझा.

अंशछेद
‘स्वतः उत्तर दिलेलेच’ कराल तर घरी सापडणारेच उरतील. कामावर गेलेला दारात कसा भेटणार? ती अट काढा, परत भेट द्यायला लावा. आणि इतकी चाळण लावल्यावर नमुन्यात ४०० पुरुष उरले आणि दर ७० निघाला, तर ९५ टक्के विश्वासपातळीला साध्या नमुन्याची त्रुटीच अधिक-उणे ४.५. वस्त्यांचे गट निवडून केलेल्या पाहणीत प्रसरण (आकड्यांतला चढउतार मोजणारं माप) दुप्पट धरलं तर ६.४. तुमच्या धाग्यात तीन टक्क्यांच्या फरकावर अख्खी पिढी आळशी ठरवलीय.

तराजू
तीन वर्षांचे नमुने एकत्र करतो. मग बोलू.

नांगरट
करा. फक्त त्या तीन वर्षांत व्याख्या बदललेली नाही ना, ते आधी बघा.