सोरायसिस सांभाळत जगताना: तुमचे अनुभव लिहा

सातारा, विचारणारा
थंडी पडली की माझ्या कोपरांवरचे चट्टे जाड होतात. आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडायचं, हा नेम कित्येक वर्षांचा. कातडीच्या पेशी महिन्याभरात बदलायच्या त्या आपल्या तीन ते पाच दिवसांत बदलतात, म्हणून या खपल्या. दोष प्रतिकारशक्तीचा आहे, रक्त 'खराब' असल्याचा नाही आणि शिवल्याने हा पसरत नाही, हे पाहुण्यारावळ्यांना सांगून तोंड दुखलं. ज्यांनी हे दुखणं वर्षानुवर्षं सांभाळलंय त्यांनी सविस्तर लिहा. 'मुळासकट बरा करतो' म्हणणाऱ्यांनी तेवढं येऊ नये.

तासगाव, द्राक्षबागायतदार
मग माझं ऐकाच. सुरुवातीला सगळे नायटा म्हणाले, दुकानातनं ट्यूब आणून लावली. कमी होईना, म्हणून एकाकडनं पुड्या आणल्या. महिन्यात अंग असं स्वच्छ झालं की गावातल्या चौघांना मीच पत्ता दिला. पुड्या संपल्या आणि आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, त्यात पुवाचे बारीक फोड, थंडी वाजून ताप. मिरजेला दवाखान्यात पडून राहिलो. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. पोटात घेतलेलं स्टेरॉइड एकदम सुटलं की सोरायसिस असाच उसळतो. ज्यांना पुड्या सांगितल्या त्यांच्या घरी जाऊन हे सांगून आलो.

आता मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, चालू आहे. ही गोळी आठवड्यातनं एकदाच, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्यात सोमवार ठरलाय, मंडळी कॅलेंडरवर खूण करतात. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. ठरल्या वेळी रक्त आणि लिव्हर तपासायचं, दारू बंद. शेवटचं कलम मित्रांना फार जड गेलं.

आणखी एक. खरड छाटणीला काडी-तार लागून जिथं ओरखडा उठतो, तिथंच पुढं नवीन चट्टा येतो. उन्हाळा असला तरी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

कराड, शिक्षिका
ओरखड्याचं अगदी खरं. माझ्या कमरेला परकराची नाडी काचते तिथे गोल पट्टाच उठला होता. आता रुंद इलॅस्टिक लावते.

पण मला सांगायचंय ते सांध्यांबद्दल. कातडीवर माझं फारसं काही नव्हतं, फक्त नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. मग सकाळी बोटं आखडायला लागली, खडू धरवेना. संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणून घरात 'वयानं होतं' असं ठरलं. शेवटी एका डॉक्टरांनी आधी नखं बघितली आणि मग विचारलं, डोक्यात कोंडा होतो का? तो कोंडा नव्हताच, सोरायसिस होता. सोरायसिसवाल्यांपैकी बऱ्याच जणांना सांध्यांचा त्रास होतो आणि दुर्लक्ष केलं तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा.

सांगली
हळदीच्या पेठेत राहतो, त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण हळद लावायला सांगतो. हळद लावून हे गेलं असतं तर सांगलीत एकही रुग्ण उरला नसता. डोक्याला कोल टारचा शॅम्पू लावतो. वास डांबरी, उशीचा अभ्रा पिवळा, पण खाज थांबते.

वाई, मुलीची आई
लेकीला घसा सुजून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पाठीवर, पोटावर थेंबांसारखे लाल ठिपके उठले. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे कोवळ्या वयात असं होतं म्हणे. तिला यूव्हीबी (अतिनील) किरणांचे उपचार लागू पडले, पण आठवड्यातून तीनदा साताऱ्याला एसटीने जायचं, कॉलेज बुडवायचं, हे सोपं नव्हतं. स्थळं येतात तेव्हा आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण पुन्हा फोन करत नाहीत. नाही करत तर नाही करत!

तासगाव, द्राक्षबागायतदार
ताई, मुलीला पुढं कधी मेथोट्रेक्सेट दिली तर लग्नानंतर मूल हवं असताना ती चालत नाही, आधीपासून थांबवावी लागते. त्वचेच्या डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्या.

सातारा, निवृत्त कंडक्टर
बीपीची गोळी बदलली आणि माझे शांत बसलेले चट्टे भडकले. ती बीटा ब्लॉकर गटातली निघाली. डॉक्टरांनी दुसरी दिली. कोणी आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. फक्त नवीन औषध लिहून घेताना 'मला सोरायसिस आहे' एवढं बोला.

मिरज
गोळ्या लागू पडेनात, म्हणून मी बायोलॉजिक इंजेक्शनवर, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भागच दाबणाऱ्या औषधावर, आहे. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून घेतली, कारण या औषधांनी दबलेला टीबी वर येऊ शकतो. चट्टे जवळजवळ गेलेत. खर्च मात्र कंबरडं मोडणारा. भावाने द्राक्षाच्या पैशातून हातभार लावला म्हणून जमलं. पुढच्या हंगामाचं काय, ते बेदाण्याचा दर ठरवेल.