सुबाभळीचं बी उगवेना?
एकानं विचारलंय की सुबाभळीचं बी पेरून महिना झाला, कोंब नाही. अहो, कवच टणक असतं तिचं! पाणी उकळून खाली उतरवा, जरा निवलं की बी त्यात ३ मिनिटं, मग रात्रभर गार पाण्यात. सकाळी टम्म फुगलेलं तेवढंच पेरा.

आमच्या निपाणीकडं काळ्या रानात बांधावर ती झपाट्यानं वाढते. बेळगावजवळच्या खानापूरच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत रडतखडतच. तिथं गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया झाडाच्या) फांद्या खोचलेल्या बऱ्या.

शेळ्यांना सुबाभळीचा पाला द्या, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. घोड्याला नकोच, शेपटीचे केस गळतात. आणि शेंगा वाळायच्या आत छाटा. मी एक वर्ष कंटाळा केला, अजून उसाच्या सरीतनं रोपं उपटतोय.