'जॉक्सान गाओक'ला मराठीत काय म्हणावं?

कोरियातल्या गुनसान बंदराच्या जुन्या, जपानी राजवटीतल्या जपानी घरांवर लिहितेय. एका शब्दाशी अडलंय: जॉक्सान गाओक. 'जॉक' शत्रू, 'सान' मालमत्ता, 'गाओक' राहतं घर. 'शत्रू-मालमत्तेचं घर' लिहिलं की सातबारा वाचल्यासारखं वाटतं. 'जपानी वाडा' चालेल?

— ताई, वाडा नको. वाडा म्हटलं की चौक नि ओसरी आलीच. गुनसानच्या शिनहंग-दोंग भागातलं हिरोत्सू या कापड व्यापाऱ्याचं घर आठवा: दुमजली, लाकडी, सरकती दारं, बाग. खाली तातामी, म्हणजे गवती चटया, पण एक खोली ओंदोलची, म्हणजे जमिनीखालून ऊब देणारी. तिथली थंडी नुसत्या तातामीवर कशी निभणार!

आणि सातबाऱ्याचा वास मुळातच आहे, तो पुसू नका. जपानी कुटुंबं राहत होती तेव्हा या घरांना असं कोण म्हणणार? १९४५ला जपान हरला, मालक परतले, अमेरिकी लष्करी प्रशासनानं जपान्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे ती कोरियन लोकांना विकली गेली. नाव तिथून चिकटलं. आपल्याकडे १९६८चा शत्रू संपत्ती कायदा आहेच, मुंबईत त्याचं कार्यालयही आहे. शब्द तयार आहे, वापरा की.

— सहमत, पण सरसकट नको. गुनसानची विटांची कस्टम कचेरी १९०८ची. कोरिया जपाननं गिळला १९१०ला, म्हणजे ती कोरियन साम्राज्याच्याच काळातली. तिला शत्रूची म्हणणं अन्याय होईल. १९२२ची जोसॉन बँक जपानी सत्तेची खरी, पण बँक काही 'गाओक' नव्हे.

अशा इमारतींना तिकडे 'गुंदे' हे विशेषण लावतात. त्याचं 'आधुनिक' केलंत तर वाचकाला काचेचा टॉवर दिसेल. आजच्या काळाला कोरियनमध्ये 'ह्यंदे' हा वेगळा शब्द आहे. 'गुंदे'ला आपला 'अर्वाचीन' चपखल बसतो. शाळेनंतर तो कुणी वापरत नाही, ही आपली चूक.

— आभार. पहिल्यांदा 'जॉक्सान गाओक, म्हणजे शत्रू संपत्ती ठरलेलं घर' असं लिहिते, पुढे नुसतं 'जपानी धाटणीचं घर'. हिरोत्सूच्या घराचं सरकारी नावही हल्ली तसंच आहे. 'ठरलेलं' मात्र काढणार नाही. घर आधीचं, शत्रू नंतरचा.