मदत हवी आहे: रूबी-टोपाझ हमिंगबर्डचं डोकं आणि गळा एकाच फ्रेममध्ये कसे उजळतील?

ईशान्य ब्राझीलमध्ये रूबी-टोपाझ नराचे फोटो काढतोय. जेमतेम ८ सेंमीचा पक्षी. प्रकाशाचा कोन चुकला की माणकासारखं लाल डोकं आणि सोनेरी गळा, दोन्ही चक्क काळपट. ही चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, त्यामुळे एडिटिंगमध्ये शॅडो उचलल्या (गडद भाग उजळवले) तर नुसता नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. (तांबूस शेपटी तेवढी कुठूनही छान येते!)

लेन्स ५०० मिमी, क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर. पक्षी फांदीवर, सूर्य माझ्या पाठीशी, १/१६०० सेकंद, एफ/५.६, आयएसओ ८०० : गळा पेटतो, डोकं काळंच. मान खाली घातली की नेमकं उलटं. एक्स्पोजर वाढवलं तर गळ्याचे हायलाइट्स उडतात (उजळ भाग तपशील हरवून पांढरे पडतात). फ्लॅश आणि फीडर (पक्ष्यांसाठी साखरपाण्याचं भांडं) वापरायचे नाहीत, ते सोडून सांगा.

कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर ठेवू की थोडा वर, आणि सूर्य साधारण किती उंचीवर असताना?